मिळून आला नाही

जोतीरामच्या हातात दिलेली नोटीस परत येत नाही, असं ऑफिसात सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एका जुन्या सरकारी इमारतीच्या मागच्या अंगाला. आतल्या खोलीत संरक्षण अधिकारी बसायच्या, बाहेरच्या खोलीत दोन कपाटं, एक लांब बाक आणि शिपाई जोतीराम. नवऱ्यानं मारलं, सासरच्यांनी बाहेर काढलं, की बाई त्या बाकावर येऊन बसायची. मॅडम तिचं ऐकून घेऊन घरगुती हिंसाचाराचा फॉर्म भरायच्या. फॉर्म कोर्टात जायचा, कोर्ट नोटीस काढायचं, आणि ती नोटीस नवऱ्याच्या हातात नेऊन द्यायचं काम जोतीरामचं. कायद्यात लिहिलंय, दोन दिवसांत बजावायची. नवऱ्यानं घेतली, पोच म्हणून सही केली, तर केस पुढं सरकते. नाही मिळाली, की पुढची तारीख.

जोतीराम नातेपुत्याजवळच्या एका वाडीचा. घरची जमीन थोडी, भाऊ दोन. थोरला गावात राहिला आणि जोतीराम पंचविसाव्या वर्षी सोलापुरात मुलांच्या निरीक्षणगृहात शिपाई म्हणून लागला. पुढं हा कायदा आला, ऑफिस निघालं, त्याची बदली इकडं झाली. तेव्हापासून मोपेडवर सारं शहर आणि एसटीनं तालुके. नवरे कुठं कुठं लपतात, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माळ्यावर, शेजारच्या न्हाणीत, उसाच्या फडात. "घरी न्हाईत, मुंबईला गेल्यात" असं आई सांगायची, तेव्हा हा उंबऱ्याजवळच्या चपला बघायचा. मग "ऊन लई हाय, जरा टेकतो की" म्हणत ओट्यावर बसायचा. तास गेला की आतला माणूस कंटाळून खोकायचाच. अक्कलकोटकडच्या गावात कानडीतून गुळगुळीत नकार मिळायचा, तर ह्यानं मोडकंतोडकं कानडी शिकून घेतलं. एकदा एक इसम चार वेळा निसटला. पाचव्या वेळी जोतीरामनं त्याला सलूनच्या खुर्चीत गाठला, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. "अर्धी दाढी झालेला माणूस पळत न्हाय," असं तो ऑफिसात सांगायचा आणि मॅडमसुद्धा हसायच्या.

सही घेतल्यावर तो प्रत्येकाला एकच सांगायचा, "तारखेला या बाबा. न्हाय आला तर तुमचंच नुकसान हाय." पहिली काही वर्षं त्याला ते खरं वाटत होतं. नंतर त्याच बाया त्याच बाकावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दिसायला लागल्या. कुणाच्या हातात कोर्टाचा हुकूम असायचा, नवऱ्यानं घरात घ्यावं आणि हात उगारू नये असा, आणि वर नवी जखम. तरी जोतीरामचं म्हणणं, आपलं काम दारापर्यंत. दाराच्या आतलं मॅडम बघतील, कोर्ट बघेल.

त्याचं स्वतःचं घर शहराच्या कडेला, बाळे गावाच्या पुढं, गुंठेवारीत बांधलेलं. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. बायको केराबाई, एकुलता एक मुलगा अभिमन्यू. अभिमन्यू चिंचोळीच्या एमआयडीसीत मालाची गाडी चालवायचा. त्याचं लग्न अक्कलकोटच्या राजश्रीशी झालं. राजश्रीला वडील नव्हते. आई चांगुणा भाविकांच्या एका निवासात स्वयंपाकाला होती, धाकटा भाऊ सिद्धांत मोबाईलच्या दुकानात. पोरगी बारावी झालेली, हसरी. पुढं मुलगी झाली, संस्कृती. तिला जवळ बोलावताना राजश्री "इल्ली बा, इल्ली बा" म्हणायची, आणि जोतीरामला त्या घरात आलेल्या कानडीचं मोठं कौतुक.

मारहाण कधी सुरू झाली ते नक्की सांगता येणार नाही. आधी फोन तपासणं आलं. मग दारात कुणाशी बोललीस, भावाला दिवसातून दोनदा फोन कशाला. वरच्या खोलीत काहीतरी आदळायचं. खाली केराबाई टीव्हीचा आवाज वाढवायची आणि जोतीराम तिला थांबवायचा नाही. नवराबायकोची कुरबुर, असं तो मनाशी म्हणायचा. दिवसभर तो ज्या शब्दाचे कागद वाटत फिरायचा, तो शब्द त्यानं आपल्या घरासाठी कधी वापरला नाही.

एका रविवारी दुपारी जेवणं चालली होती. राजश्रीचा फोन वाजला, तिनं उचलायच्या आधी अभिमन्यूनं तो उचलला, सिद्धांतचा होता. एवढ्यावरून त्यानं ताटावरून उठून तिच्या कानशिलात लगावली. एकच, पण अशी की ती भिंतीवर गेली. तिच्या कानातून रक्त आलं. संस्कृती घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिली.

जोतीराम तिला मोपेडवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला. केसपेपरच्या खिडकीत माणसानं विचारलं, "कसं झालं?"

राजश्रीनं तोंड उघडलं होतं. जोतीराम तिच्या आधी बोलला, "न्हाणीत पाय घसरला."

त्या एका ओळीची किंमत त्याला माहीत होती. "पाय घसरला" लिहिलेल्या केसपेपरवर किती केसेस कोर्टात बसल्या, ते त्यानं पाहिलं होतं. तरी तोंडातून तेच निघालं. राजश्रीनं त्याच्याकडं बघितलं आणि तोंड मिटलं. कानाचा पडदा फाटला होता. पंधरा दिवसांनी ती मुलीला घेऊन "आईला बघून येते" म्हणून अक्कलकोटला गेली, ती आली नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यानं एका सकाळी धम्मप्रिया मॅडमनी त्याला आत बोलावलं. मॅडम चाळिशीच्या आतल्या, सोलापूरच्याच बुधवार पेठेत वाढलेल्या, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी त्यांची ऑर्डर नवी व्हायची आणि दर वेळी होईल की नाही याची धाकधूक. त्यांच्या वाट्याला गाडी नव्हती, टायपिस्ट नव्हता, होता तो जोतीराम. त्या त्याला काका म्हणायच्या.

"काका, दार लोटून घ्या. बसा."

तो बसला.

"मागच्या आठवड्यात तुम्ही माळशिरसला गेला होता, त्या दिवशी राजश्री आली होती. तुम्ही नसाल असाच दिवस बघून आली. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. आज कोर्टातून नोटिसा आल्यात."

मॅडमनी तीन कागद त्याच्यापुढं ठेवले. सामनेवाला क्रमांक एक, अभिमन्यू. दोन, जोतीराम. तीन, केराबाई. स्वतःचं नाव तशा कागदावर बघायची त्याची पहिलीच वेळ. खाली अर्जाची प्रत होती. मॅडमच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'दवाखान्यात सासऱ्यांनी खोटे कारण सांगितले.'

"हे खरं आहे?" मॅडमनी विचारलं.

"व्हय," जोतीराम म्हणाला. खोटं बोलावंसं त्याला त्या वेळी वाटलं नाही.

मॅडमनी तीनही कागद पुन्हा जुळवून ठेवले. मग म्हणाल्या, "नियमानं ह्या मी तुमच्याकडे देऊ नयेत. पोलिसांमार्फत पाठवायला पाहिजेत. पण तिकडं गेल्या की दोन महिने हलत नाहीत, तुम्हाला माहितेय. त्या पोरीला भावाच्या घरात किती दिवस ठेवून घेतील?"

"द्या मॅडम माज्याकडं," जोतीराम म्हणाला. "आजवर माजी एक तरी परत आली का?"

मॅडमनी त्याच्याकडं पाहिलं आणि कागद दिले.

घरी येईपर्यंत त्याचा विचार पक्का होता. आपण सही करायची, केराबाईची घ्यायची, पोरासमोर कागद ठेवायचा. मोपेड लावतानाच त्यानं आपल्या नावाच्या नोटिशीवर सही केली, तारीख टाकली, वेळ टाकली. मग आत जाऊन केराबाईला सांगितलं.

केराबाई भाकरी थापत होती. तिनं हात धुतले नाहीत, उठली नाही. "माज्या नावाचा कागद? त्या पोरीनं माज्यावर केस केली? म्या काय केलं तिला?"

"काय केलं न्हाईस, त्येच."

"आन् तुमी काय केलं?" परातीतलं पीठ तिनं बाजूला सारलं. "तुमी मला मारत हुता तवा कुठली मॅडम आलती? पट्ट्यानं मारलंय तुमी मला, अबी पोटात हुता तवा. म्या कुणाकडं गेलते? कुणी आणून दिला तुमाला कागद?"

जोतीराम उभा होता तिथंच राहिला. ते खरं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, चार-पाचदा. पुढं निरीक्षणगृहात लागल्यावर, तिथली मार खाल्लेली पोरं बघून, त्याचा हात आपोआप थांबला. पण त्याबद्दल तो केराबाईशी एक अक्षर बोलला नव्हता. थांबलं म्हणजे मिटलं, असं त्यानं धरून घेतलं होतं. तीस वर्षं तिनंही काढलं नाही, आणि आज काढलं ते सुनेच्या बाजूनं नव्हे, पोराच्या.

"म्या निभावलं की," ती म्हणाली. "तिला काय धाड भरली?"

तिनं सही केली नाही.

अभिमन्यू संध्याकाळी आला. बाप समोर बसलेला, पुढ्यात कागद. त्यानं कागद हातात घेतला नाही, लांबूनच वाचला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे बापाशेजारी बसला.

"आबा, मी सही केली तर?"

"तारखेला जायाचं. पोटगी लागंल. परत हात लावायचा न्हाय म्हणून हुकूम निघंल. तो मोडला की गुन्हा, मग अटक."

"आन् मी मिळालोच न्हाय तर?"

 पोराला उत्तर माहीत होतं. लहानपणापासून जेवताना तो बापाच्या त्याच गोष्टी ऐकत आला होता, कोण कुठं लपला आणि कसा सापडला.

"पुण्याकडं, रांजणगावला एका कंपनीत बोलावलंय मला," अभिमन्यू म्हणाला. "सकाळच्या गाडीनं जातो. तुमी काय ते लिवा."

"आरं, माजी नोकरी..."

"सव्वा वर्स राह्यलंय आबा तुमचं. तेवढ्यासाठी पोटच्या पोराला आत घालताय?"

केराबाई दारात येऊन उभी राहिली होती.  

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जोतीरामनंच पोराला मोपेडवरून एसटी स्टँडवर सोडलं. नोटीस हँडलला अडकवलेल्या पिशवीतच होती. गाडी लागली, अभिमन्यू खिडकीत बसला. आता द्यावी, खिडकीतून हात वर करून द्यावी, असं जोतीरामला दोनदा वाटलं. गाडी निघाली. त्यानं कँटीनमध्ये चहा घेतला, तिथंच पिशवीतून कागद काढला आणि मागच्या बाजूला, नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'सामनेवाला क्रमांक एक याचा राहते घरी शोध घेतला असता मिळून आला नाही. सध्याचा ठावठिकाणा समजून येत नाही.'

मॅडमनी ते वाचलं. दोनदा वाचलं.

"काका, तुम्हाला मुलाचा पत्ता माहीत नाही?"

"न्हाय मॅडम. भांडून गेलाय."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला. त्या दिवसापासून त्यांनी काका म्हणणं सोडलं.

मग तारखा सुरू झाल्या. कायद्यात साठ दिवसांत निकाल लावावा असं आहे. राजश्रीच्या केसमध्ये साठ दिवसांत फक्त एवढं झालं, की नोटीस पुन्हा काढा असा हुकूम निघाला. ती पोलिसांमार्फत त्याच बाळ्याच्या पत्त्यावर आली. केराबाईनं "पोरगा हितं राहत न्हाय" सांगितलं. पुढच्या तारखेला साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या तारखेला वकिलांचा बंद. मग न्यायाधीशांची बदली झाली, नवे यायला तीन महिने गेले.

प्रत्येक तारखेला राजश्री अक्कलकोटच्या गाडीनं यायची, मुलगी कडेवर. सामनेवाला क्रमांक दोन म्हणून जोतीरामलाही जावं लागायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात दोघं समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसायची. तिसऱ्या की चौथ्या तारखेला संस्कृती त्याला ओळखून धावत आली, "आबा!" जोतीरामनं तिला उचललं. पिशवीत तिच्यासाठी आणलेली शेंगाचटणीची पुडी होती, ती पोरीला लई आवडायची. राजश्री उठून आली. तिनं मुलीला काढून घेतलं नाही. तिनं उजवा कान पुढं केला, कारण डाव्यानं तिला ऐकू येत नव्हतं, आणि विचारलं, "मामा, ते कुटं हायती, तुमाला खरंच म्हाईत न्हाय?"

पुकारा झाला. जोतीरामनं उत्तर दिलं नाही, आणि ते उत्तर तिला पोचलं.

त्या दिवसानंतर त्याला घरी अन्न गोड लागेना. राहून राहून व्हरांड्यातली ती आठवायची. महिनाभर त्यानं कळ काढली. मग एका सकाळी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, म्या खोटं लिवलंय. पोरगा रांजणगावला हाय. कंपनीचं नाव सांगतो. म्याच त्याला गाडीत बसवून दिलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना धक्का बसला नाही. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी कळलं होतं. मी तेव्हाच वर लिहायला पाहिजे होतं. माझ्या ऑर्डरची तारीख जवळ होती. ऑफिसची भानगड बाहेर गेली असती तर मला पुन्हा घेतलं नसतं." त्या खिडकीकडं बघत होत्या. "मीपण गप्प बसले, जोतीराम. आता लेखी द्या."

त्यानं लेखी दिलं. वरच्या ऑफिसातून त्याला खुलासा मागितला, शेवटची वेतनवाढ रोखली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. उलट बऱ्याच दिवसांनी त्या रात्री त्याला झोप लागली. आता नोटीस नीट पत्त्यावर जाईल, असं तो धरून चालला होता.

नोटीस रांजणगावच्या पत्त्यावर गेली आणि सात आठवड्यांनी परत आली. अभिमन्यूनं ती कंपनी सोडली होती, कुठं गेला ते कुणालाच सांगता येईना. आईकडं त्याचा फोन यायचा, दर वेळी वेगळ्या नंबरवरून, आणि बाप घरात असला की तो ठेवून द्यायचा. परत आलेल्या नोटिशीच्या मागं कुणा अनोळखी शिपायानं लिहिलं होतं : 'मिळून आला नाही.' या खेपेला ते खरं होतं. जोतीरामनं तो कागद आपल्या हातानं फाईलला लावला.

इकडं अक्कलकोटात सिद्धांतचं लग्न ठरत होतं. पोरीकडचे घर बघायला आले आणि माघारी आलेली बहीण, तिची मुलगी, कोर्टाची केस, सगळं बघून "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. दुसरं स्थळ आलं तेव्हा चांगुणानं राजश्रीला मुलीसकट शेजारच्या घरी बसवलं. एक दिवस चांगुणाच केराबाईला फोन करून रडली. म्हणाली, "माजं पोर जाईल की ओ हातचं. तुमच्या लेकाला बोलवा. मिटवू या."

अर्जापासून चौदा महिन्यांनी ऑफिसात सगळे जमले. आणि जो माणूस दोन जिल्ह्यांच्या पोलिसांना सापडला नव्हता, तो ठरल्या दिवशी अकराच्या ठोक्याला आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, मुलीसाठी प्लास्टिकची बाहुली. लांब बाकावर एका टोकाला तो, एका टोकाला राजश्री, मध्ये दोघांच्या आया. बाहेरून चहा आणायचं काम जोतीरामचंच होतं. त्यानं पहिला कप पोराला दिला नाही, शेवटचा दिला. तेवढंच काय ते त्याच्या हातात होतं.

मॅडमनी राजश्रीला एकटीला आत घेतलं. दार पुरतं लागत नसे, त्यामुळे बाहेर ऐकू येत होतं.

"तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"न्हाय."

"राजश्री, तू नको म्हण. मी अर्ज मागं घेऊ देणार नाही. आपण वॉरंट मागू."

"आन् मी जाऊ कुटं मॅडम?" राजश्रीचा आवाज चढला नाही. "तुमचं ते महिलांचं वसतिगृह हाय, तितं सहा महिने ठेवतात. पुढं?"

  आतून कागदाचा आवाज आला, आणि मग मॅडमनी अभिमन्यूला आत बोलावलं. अभिमन्यूनं शंभराच्या स्टँपवर लिहून दिलं, पुन्हा मारणार नाही, व्यवस्थित नांदवीन. ते वाचताना त्याचा आवाज शाळेत धडा वाचावा तसा होता.

राजश्री त्याच दिवशी बाळ्याला आली. पहिले दोन महिने अभिमन्यूनं स्वतःला सांभाळलं. चिंचोळीत त्याला जुनीच नोकरी मिळाली. केराबाई सुनेशी गोड बोलायला लागली, तिला गजरा आणून द्यायला लागली. जोतीराम त्याच दरम्यान निवृत्त झाला. ऑफिसात शाल-नारळ झालं. मॅडम चार वाक्यं बोलल्या, त्यात नोटिसांचं काही नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, वर पुन्हा आदळआपट सुरू झाली. केराबाईचा हात टीव्हीच्या रिमोटकडं गेला. जोतीरामनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि जिना चढून वर गेला. अभिमन्यूनं राजश्रीचे केस धरले होते. संस्कृती पलंगाखाली शिरली होती. जोतीराम मध्ये पडला. पोरानं त्याला एका हातानं ढकललं आणि तो दाराच्या चौकटीवर आपटला.

तो तसाच खाली आला, अंगणात गेला आणि त्यानं एकशे बाराला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा तो असल्या कामासाठी तक्रारदार झाला. वीस मिनिटांत गाडी आली, एक हवालदार, एक महिला शिपाई. एवढ्या लवकर येतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला क्षणभर धीर आला.

राजश्री पदर डोक्यावरून घेऊन खाली आली होती.

"काय झालं ताई?" महिला शिपायानं विचारलं. "कुणी मारलं का? घाबरू नका, सांगा."

"काई न्हाय मॅडम. मांडणी पडली भांड्यांची."

"मांडणी?" जोतीराम ओरडला. "राजश्री, सांग की गं! म्या हाय की साक्षीला!"

महिला शिपायानं पुन्हा दोनदा विचारलं, तिला बाजूला घेऊन विचारलं. राजश्री मांडणीवरच ठाम राहिली. हवालदारानं वहीत लिहून घेतलं, अभिमन्यूला जरा दम भरला आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी अभिमन्यू कामावर गेल्यावर राजश्री जोतीरामपाशी आली. तो अंगणात बसला होता, खांद्याला लेप लावून.

"मामा, परत फोन करू नका."

"आगं पण..."

"गाडी गेल्यावर हितं मीच राहते की." ती त्याच्या डाव्या बाजूला, उजवा कान त्याच्याकडं येईल अशी, खाली बसली. रागावलेली नव्हती. "तुमाला एक सांगते, तेवढं करा. संस्कृतीला घेऊन गावाला जावा. नातेपुत्याला. तितं अंगणवाडी हाय, थोरल्या घरच्या आत्या हायती. हितं ती रोज बघती. काल पलंगाखालून निघंना, लई येळ."

"आन् तू?"

"मला ते येऊ देणार न्हाईत. पोरगी नेली तर त्यांना कटकट कमीच."

जोतीराम नको म्हणाला असता, पण नको म्हणून त्याच्याकडं दुसरं द्यायला काय होतं? केराबाई पोरापाशी राहते म्हणाली, त्याच्या डब्याचं कोण बघणार म्हणून. अभिमन्यूनं खरोखरच अडवलं नाही. दोन दिवसांनी राजश्रीनं मुलीचे कपडे दोन पिशव्यांत भरले, लसीकरणाचं कार्ड वरच्या बाजूला ठेवलं, आणि रिक्षापर्यंत सोडायला आली. संस्कृतीला ती काय म्हणाली ते जोतीरामला समजलं नाही. कानडीत म्हणाली, आणि फार भरभर.

गावात थोरल्या भावानं एक खोली मोकळी करून दिली. सोमवारी सकाळी जोतीराम नातीला घेऊन अंगणवाडीत गेला. सेविका गावातलीच, तरुण. तिनं रजिस्टर उघडलं, मुलीचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली.

"आईचं नाव?"

"राजश्री."

"आई कुटं असत्या आबा?"

"सोलापूरला."

"मग आधार कार्डाला, सहीला त्यांना एकदा यावं लागंल. कधी येतील?"

संस्कृतीनं जोतीरामच्या धोतराचा सोगा धरला होता आणि मान वर करून तीही त्याच्याकडंच बघत होती. जोतीरामनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सहीचं रिकामं ठेवा ते," तो म्हणाला.

सेविकेनं त्या रकान्यापुढं पेन्सिलनं बारीक खूण केली आणि मुलीला आतल्या सतरंजीवर नेऊन बसवलं.